अकरा आठवडे आणि एक स्टूल

अर्जावर मंजुरीची सही झाल्याचा निरोप आला तेव्हा मी काउंटरमागे उभीच होते. उजवी टाच किंचित उचललेली, सगळा भार डाव्या पायावर. मी मागितलं होतं एक उंच स्टूल. अधूनमधून पाच मिनिटं टेकता यावं, एवढ्यासाठी. ते मिळायला अकरा आठवडे लागले आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

दुखणं आधी थोडक्यात सांगते. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेखाली, आतल्या बाजूला, खिळा घुसल्यासारखी कळ यायची. दहा-बारा पावलं चाललं की ती कमी व्हायची. फसवणूक इथेच होते. ‘चाललं की बरं वाटतं’ म्हणत मी दोन महिने अंगावर काढलं. माझी शिफ्ट आठ तासांची, त्यातले सात उभ्याने. तिसऱ्या तासानंतर टाच ठणकायला लागायची आणि घरी पोहोचेपर्यंत टाच टेकवत नसे.

डॉक्टरांनी पायाचा अंगठा वर वळवून टाचेचा एक बिंदू दाबला आणि मी ओरडलेच. निदान झालं प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्यातला पट्टा दुखावणं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो पावलाची कमान तोलून धरतो. आपण चालताना बोटं वर वळली की रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा ताणला जातो आणि कमान वर उचलली जाते. हिक्स या संशोधकाने १९५४ मध्येच हे मांडलं होतं. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला त्यावर एकदम ताण येतो. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा मी घाबरले होते. पण तसं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसतं, ते कापायची गरज नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. ‘बहुतेक लोक शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण महिने लागतात. आणि उभं राहणं कमी करा.’ एवढं बोलून त्यांनी कागद दिला.

तो कागद घेऊन मी कार्यालयात गेले आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

पहिल्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव होतं आणि खाली ‘विश्रांतीचा सल्ला’. दोन आठवड्यांनी अर्ज परत आला. विश्रांती हवी असेल तर रजेचा अर्ज करा, म्हणाले. मला रजा नको होती. रजा संपवून मी पुन्हा त्याच फरशीवर त्याच सात तासांना उभी राहणार, मग उपयोग काय? पण त्यांच्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, ‘कामास योग्य’ आणि ‘कामास अयोग्य’. मी कामास योग्य होते, फक्त सलग उभं राहायला योग्य नव्हते. त्यासाठी चौकटच नव्हती.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडून लिहून आणलं, ‘जास्त वेळ उभे राहणे टाळावे’. मला वाटलं, झालं काम. तीन आठवड्यांनी शेरा आला, ‘जास्त म्हणजे किती? कोणत्या मुदतीपर्यंत?’ प्रश्न बरोबर होता, हे मी मान्य करते. पण तो पहिल्याच दिवशी, खिडकीवर अर्ज घेताना विचारता आला असता. त्या तीन आठवड्यांतली एकेक संध्याकाळ मी जिन्याच्या कठड्याला धरून घरी चढले आहे.

तिसऱ्या खेपेला मी स्वतःच मजकूर घरून लिहून नेला आणि डॉक्टरांना विचारलं, वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबर आहे का? त्यांनी एक-दोन शब्द बदलले आणि सही केली. तो असा होता: ‘सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त उभे राहू नये. त्यानंतर किमान ५ मिनिटे बसण्याची सोय असावी. उंच स्टूलवर बसून नेहमीचे काम करण्यास हरकत नाही. मुदत १२ आठवडे, त्यानंतर फेरतपासणी.’ उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: आजाराचं नाव तिथे कुणाला कळत नाही, मिनिटं कळतात. किती वेळ उभं राहता येईल, मग काय हवं, काय करता येईल आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी कागदावर असल्या की परत पाठवायला कारण उरत नाही.

तरी कारण निघालंच. स्टूल म्हणजे फर्निचर, म्हणून अर्ज दुसऱ्या विभागात गेला. त्यांना काउंटरची उंची हवी होती आणि स्टूलमुळे येण्याजाण्याची वाट अडणार नाही याची खात्री. मोजायला कुणी येईना, तेव्हा मीच टेप आणली. काउंटर १०५ सेंटीमीटर, म्हणून बैठक ७५ सेंटीमीटर हवी असं लिहून दिलं. बैठक काउंटरपेक्षा साधारण २५ ते ३० सेंटीमीटर खाली असली की खांदे न उचलता हात चालतात. आणि पाय टेकवायला आडवी दांडी हवीच, नाहीतर पाय लोंबकळून मांड्यांना रग लागते. यात दोन आठवडे गेले.

याच काळात वरिष्ठांनी एकदा बोलावून सांगितलं, ‘ताई, समोर माणसं उभी आणि आपण बसलेलो, बरं दिसत नाही. आणि तुम्हाला दिलं की सगळेच मागतील.’ हे वाक्य मला फार लागलं. सगळे मागतील, कारण सगळ्यांचे पाय दुखतात! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६४ साली दुकानं आणि कार्यालयांसाठी जो करार केला, क्रमांक १२०, त्याच्या चौदाव्या कलमात लिहिलं आहे की कामगारांसाठी पुरेशी आणि योग्य आसनं असावीत आणि ती वापरण्याची वाजवी संधी त्यांना मिळावी. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, त्यामुळे कायदा म्हणून तो सगळीकडे दाखवता येणार नाही. पण मी त्या कलमाची प्रत अर्जाला जोडली. मी काही लाड मागत नव्हते, हे मला कागदावर दिसायला हवं होतं.

मग चार आठवडे ‘सही बाकी आहे’. दर सोमवारी सकाळी विचारायला जायचे आणि तेच उत्तर घेऊन परतायचे. चौथ्या सोमवारी कळलं की सही करणारे रजेवर आहेत आणि त्यांच्या जागी दुसऱ्याची सही चालते. हे आधीच्या तिन्ही सोमवारी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ‘सही कधी होईल?’ असं विचारू नका. ‘हे नसतील तर कोणाची सही चालते?’ असं विचारा. मला दुसऱ्याच दिवशी सही मिळाली.

या अकरा आठवड्यांत हातावर हात ठेवून बसले नव्हते. काउंटरखाली १५ सेंटीमीटर उंचीचं एक खोकं ठेवलं आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवत राहिले. जाड रबरी चटई स्वतः आणली. बूट बदलले. घ्यायचा बूट हातात धरून वाकवून पाहावा, तो बोटांपाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर परत ठेवावा. टाचेमागची बाजू कडक हवी. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून खरेदी संध्याकाळीच करावी. आणि घरात कडक फरशीवर अनवाणी फिरणं मी पूर्ण बंद केलं. याचा फायदा सगळ्यात लवकर जाणवला.

व्यायाम दोन. पहिला पलंगावरच, पाऊल खाली टेकवण्याआधी: दुखणारा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताठ लागेपर्यंत. दहा सेकंद धरायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अभ्यासलेला: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच तीन सेकंदांत वर न्यायची, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली आणायची. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. त्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी याचा फायदा नुसत्या ताणण्यापेक्षा जास्त दिसला, वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच होते. मला पहिले दोन आठवडे याने थोडं जास्तच दुखलं, तेव्हा फेऱ्या कमी केल्या, पण सोडला नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचाही विषय निघाला होता. काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, हे ऐकून मी नको म्हटलं. पुढ्यात सात तास उभं राहणं असताना नुसतं दुखणं दडपणं मला पटलं नाही.

स्टूल आल्यावर पहिले पंधरा दिवस काही फरक पडला नाही आणि मी खूप खचले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी दारापर्यंत गेले आणि मग लक्षात आलं की आज पहिल्या पावलाला कळ आलीच नाही. पूर्ण बरं वाटायला सुरुवातीपासून नऊ-दहा महिने लागले. मुदत संपायच्या तीन आठवडे आधीच मी फेरतपासणी करून घेतली होती. नवा अर्ज चार दिवसांत मंजूर झाला, कारण मजकूर तोच होता, फक्त तारीख बदलली होती. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली होती, तीही तेव्हा कामी आली.

एक राहिलंच. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मुंग्या, बधिरपणा, सूज, ताप, किंवा झोपेत, पाय टेकवलेला नसतानाही ठणका असेल तर वरचे व्यायाम करू नका, आधी दाखवून घ्या. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर टाचेला थंडावा द्यायला बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायच्या भानगडीत पडू नका. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या काकूंना मधुमेह आहे आणि त्यांची टाचही दुखते. त्यांचा अर्ज मी परवा लिहून दिला, मिनिटांसकट.