टायर: भावाआधी तारीख

आज सोलापुरात टायरचे भाव काढत फिरणं झालं. दुकानदार आधी डिस्काउंट सांगतो, आपण आधी कडेवरचा डॉट कोड बघायचा. शेवटचे 4 आकडे 2325 असतील तर टायर 2025 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. जुना माल असेल तर घासाघीस करा. 4-5 वर्षांचा फुकटही नको.

साईज गाडीच्या दाराच्या स्टिकरवरचीच. चार परवडत नसतील तर जोडी घ्या, पण नवी जोडी मागे, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना) असली तरी! ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी गरकन फिरते, स्टिअरिंगनं सावरणं अवघड. व्हॉल्व्ह नवेच, बॅलन्सिंगही (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) हवंच. मे महिन्यात पुणे हायवेवर कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.