महास्फोटाची साक्ष कुणी काढावी?

विज्ञानानं देवाचं अस्तित्व सिद्ध केलं, अशा मथळ्याचा व्हिडिओ दर दोन-तीन महिन्यांनी फिरत येतो. आत बहुधा दोनच गोष्टी असतात. एक, विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे ते सुरू करणारा कुणी आहे. दुसरी, निसर्गाचे आकडे इतके नेमके जुळलेत की ते कुणीतरी जुळवले असणार. मग पार्श्वसंगीत चढतं आणि पडद्यावर बायबलचं पहिलं वाक्य येतं: ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही निर्माण केली.’

यातला पहिला युक्तिवाद दिसतो त्यापेक्षा बराच कच्चा आहे. दुसरा त्याच्याहून पक्का आहे, पण मांडणारे त्याची मोडतोड करून मांडतात. गंमत अशी की महास्फोटाची, म्हणजे विश्व एका घट्ट अवस्थेतून पसरत आलं ही कल्पना ज्याची, तो कॅथलिक धर्मगुरू देवासाठी तिची साक्ष काढायला तयार नव्हता. आणि आकडे कुणीतरी जुळवलेत असं म्हणणारा माणूस नास्तिक होता.

बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते. १९२३ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, त्यानंतर केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकले. १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात त्यांनी फ्रेंचमध्ये लेख छापला. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावतंय असं निघतं आणि दीर्घिकांची (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची) मोजमापंही तेच सांगतात, हे त्यात होतं. प्रसरणाचा वेगही काढला होता: दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षं. हबल यांचा प्रसिद्ध लेख दोन वर्षांनी, १९२९ ला आला. त्यांचा आकडा ५०० च्या आसपास होता.

हा ५०० चा आकडा घेऊन एक हिशेब करून बघा, पुढचा सगळा घोळ त्यातून कळतो. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०९ गुणिले १० चा १९ वा घात इतके किलोमीटर. त्याला ५०० नं भागा, आलेल्या सेकंदांची वर्षं करा. उत्तर येतं जवळजवळ २ अब्ज वर्षं. प्रसरणाचा वेग कायम तोच होता असं धरलं, तर सगळं एकत्र असण्याला इतकाच काळ लोटलेला असणार. पण १९४० च्या दशकात खडकांतल्या किरणोत्सारावरून पृथ्वीचंच वय ३ अब्जांच्या आसपास निघत होतं. लेक आईपेक्षा मोठी! याच अडचणीचा फायदा घेऊन केंब्रिजचे शास्त्रज्ञ हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ ला स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला: विश्व पसरतं, पण अधल्यामधल्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, घनमीटरला अब्ज वर्षांत एखादा अणू या हिशेबानं. म्हणजे सुरुवात नाही, शेवट नाही. ‘बिग बँग’ हे नावही हॉइल यांनीच १९४९ च्या बीबीसी रेडिओवरच्या भाषणात समोरच्या पक्षाला दिलं.

वाद असा ऐन भरात असताना, २२ नोव्हेंबर १९५१ ला पोप पायस बारावे पॉन्टिफिकल अकॅडमी ऑफ सायन्सेससमोर बोलायला उभे राहिले. आजचं विज्ञान जणू अब्जावधी वर्षं मागं जाऊन बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’ या आद्य आज्ञेची साक्ष देतंय, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता. लमेत्र त्या अकॅडमीचे सदस्य होते, आणि त्यांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांची अडचण सरळ होती. सिद्धांत अजून तावूनसुलाखून निघालेला नाही, त्याचा मुख्य आकडा पृथ्वीच्या वयाशी भांडतोय. उद्या तो पडला तर त्याच्यासोबत बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्यायही पडला असं लोक म्हणणार. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक, जेझुइट फादर डॅनिएल ओ’कॉनेल यांच्याशी ते बोलले. ७ सप्टेंबर १९५२ ला रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पोप पुन्हा बोलले, तेव्हा आधीच्या वर्षीचा तो दावा भाषणात नव्हता.

योगायोग बघा, त्याच रोमच्या अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी अंतरं मोजायची पट्टीच चुकली होती हे सांगितलं. अंतर काढायला वापरतात ते सेफिड तारे दोन जातींचे असतात, ते एकाच जातीचे धरले होते. दीर्घिका होत्या त्याच्या दुप्पट लांब गेल्या, म्हणजे वयही दुप्पट झालं. आज प्रसरणाचा आकडा ६७ ते ७३ च्या दरम्यान येतो आणि विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. ६७ की ७३, यावरची भांडणं अजून चालू आहेत.

पण लमेत्र यांचा आक्षेप फक्त घाई करू नका एवढाच नव्हता. तो कॅथलिक विचारातच मुरलेला होता. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवलंय की जगाला सुरुवात आहे हे श्रद्धेनं मानायचं, ते बुद्धीनं सिद्ध होत नाही. आणि लटकी कारणं पुढं केली तर न मानणाऱ्यांना हसायला निमित्त मिळतं. जगाचा निर्माता मात्र बुद्धीनं कळतो असं ते म्हणत. विसंगती वाटते, पण नाही. ऑगस्टीन यांच्याकडून आलेला एक दाखला अक्वायनस तिथं देतात: समजा एक पाय अनादिकाळापासून धुळीत रोवलेला आहे. मग त्याखालचा ठसाही अनादिच. तरीही तो ठसा पायामुळेच आहे. निर्मिती म्हणजे कधीतरी बटण दाबणं नव्हे, आत्ता या क्षणीही सगळं ज्याच्यावर टेकून आहे असं नातं. हा अर्थ घेतला तर महास्फोटानं देवाचं काही वाढत नाही आणि स्थिर स्थितीनं काही घटत नाही.

आपल्याकडे स्थिर स्थितीच्या बाजूचा माणूस म्हणजे जयंत नारळीकर. कोल्हापूरचा जन्म, हॉइल यांचे विद्यार्थी, आणि १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासोबत सुधारलेल्या स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडणारे. १९६५ ला पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांकडून सारखाच येणारा सूक्ष्मलहरींचा प्रकाश सापडला (आजचं त्याचं तापमान २.७ केल्विन). तो तापलेल्या सुरुवातीचा उरलेला प्रकाश मानला गेला, आणि तेव्हापासून बहुतेकांनी स्थिर स्थिती सोडली. नारळीकर पर्याय तपासत राहिले. ते चुकले असं बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ म्हणतील, पण ते बरोबर निघाले असते तर वसईच्या एखाद्या आजीच्या प्रार्थनेत कोणता शब्द बदलला असता? एकही नाही.

विज्ञानातून देव सिद्ध करणारे आजचे वक्ते लमेत्रपेक्षा जास्त करून दोन प्रमेयं पुढं करतात. पेनरोज आणि हॉकिंग यांचं १९७० चं एक. त्याच्या मुळाशी कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. विश्व मागं नेत गेलं तर ते एका टोकाला अडकतं, असं हे प्रमेय सांगतं. पण ते गुरुत्वाकर्षण नेहमी ओढतंच असं धरून चालतं, आणि आज आपल्याला कळलंय की विश्वाचं प्रसरण वाढवणारी कृष्ण ऊर्जा तसं वागत नाही. दुसरं बोर्ड, गुथ आणि व्हिलेंकिन यांचं, २००३ चं. सरासरीनं पसरत असलेल्या विश्वाचा माग भूतकाळात अनंतापर्यंत काढता येत नाही, कुठंतरी वाट तुटते, इतकं ते सांगतं. वाट तुटली म्हणजे आपलं वर्णन तिथं संपलं. पलीकडे काहीच नव्हतं असं प्रमेयात कुठं लिहिलेलं नाही. व्याख्यानात मात्र ‘वर्णन संपलं’चं ‘विश्व शून्यातून आलं’ होतं, आणि श्रोत्यांत कुणी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक बसलेला असला की पुढची वीस मिनिटं वाया जातात.

आता दुसरा युक्तिवाद, कार्बनचा. हा जवळून बघण्यासारखा आहे.

ताऱ्याच्या पोटात हेलियमपासून कार्बन होतो तो दोन टप्प्यांत. आधी दोन हेलियम केंद्रकं आदळून बेरिलियम-८ बनतं. हे इतकं नाजूक की सेकंदाच्या साधारण एक कोटी-अब्जाव्या भागात फुटतं. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन धडकलं पाहिजे. तापमान दहा कोटी अंशांच्या घरात असलं तरी हे क्वचितच साधतं, आणि साधं गणित केलं तर विश्वात दिसतो त्यामानानं कार्बन नगण्य निघतो. हॉइल यांनी १९५३ मध्ये उलटा विचार केला. कार्बन आहे, म्हणजे कार्बनच्या केंद्रकाची एक उत्तेजित (जास्त ऊर्जेची) पातळी अगदी नेमक्या जागी असली पाहिजे. बेरिलियम आणि हेलियम मिळून कार्बनच्या मूळ पातळीच्या वर ७.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक) असतात. त्याच्या किंचित वर पातळी असेल तर ताऱ्याची उष्णता मधला फरक भरून काढते आणि अभिक्रिया कितीतरी पटींनी वाढते. कॅलटेकच्या प्रयोगशाळेत वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी शोधलं, तर पातळी सापडली, ७.६५ च्या जागी. तरीही तिथं पोचलेल्या केंद्रकांपैकी बहुतेक सगळी पुन्हा फुटतात. दहा हजारांत चार-सहाच कार्बन म्हणून टिकतात, आणि आपलं शरीर त्यातूनच बनलेलं आहे.

पुढची पायरीही तितकीच महत्त्वाची. या कार्बनला आणखी एक हेलियम मिळालं की ऑक्सिजन होतो. त्या जोडीची ऊर्जा ७.१६, आणि ऑक्सिजनची जवळची पातळी ७.१२. म्हणजे जरा खाली. ती जरा वर असती तर सगळा कार्बन ऑक्सिजन होऊन गेला असता. १९८१ साली याच हॉइल यांनी लिहिलं की हे सगळं बघून कुणीतरी महाबुद्धिमान भौतिकशास्त्राशी खेळ करून गेलंय असंच वाटतं. ज्यांना महास्फोट नको होता, त्या नास्तिक हॉइल यांनी!

युक्तिवाद जोरदार आहे, पण तो गळतो कुठं ते माहीत असावं. हॉइल यांनी जीवसृष्टीवरून पातळीचं भाकीत केलं, ही गोष्ट नंतर चिकटवलेली आहे. १९५३ मध्ये त्यांचा मुद्दा ताऱ्यांमधल्या कार्बनचा होता, जीवाचा नव्हता. आणि ‘केसभर हललं तरी सगळं संपलं’ हेही खरं नाही. १९८९ मध्ये लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी गणित केलं तेव्हा पातळी ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टनं वर सरकवल्यावर कार्बनमध्ये फारसा फरक पडला नाही. ०.२७७ नं सरकवल्यावर मात्र कार्बन जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे फट आहे, पण केसाएवढी नाही.

सगळ्यात मोठी गळती संभाव्यतेत आहे. ‘असे आकडे येण्याची शक्यता नगण्य’ असं म्हणायला एकूण किती आकडे शक्य होते हे माहीत हवं. फाशाला सहा बाजू आहेत हे ठाऊक असतं म्हणून सहा पडण्याची शक्यता एक षष्ठांश म्हणतो. निसर्गाच्या स्थिरांकांच्या, म्हणजे या ठरलेल्या आकड्यांच्या, फाशाला किती बाजू आहेत, मुळात तो फासा आहे का, हे कुणालाच ठाऊक नाही. अनेक विश्वं असतील आणि त्यातल्या एकात आकडे जुळले, असं मानणारे इथंच आत शिरतात. त्यांच्याकडेही ती विश्वं दाखवायला नाहीत, त्यामुळे या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांना अंधश्रद्ध म्हणणं बंद करायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर कार्बनचं उदाहरण आधीच देव मानणाऱ्याच्या मनाला आधार देतं, न मानणाऱ्याला क्षणभर थांबवतं, आणि तिथंच त्याची ताकद संपते.

शिवाय इथवर आलेला देव ‘ख्रिस्ती’ कुठं आहे? स्थिरांक ठरवणारी बुद्धी अॅरिस्टॉटलला चालेल, व्होल्तेरला चालेल. ख्रिस्ती प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात सगळा भार एकाच गोष्टीवर टाकलाय: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. तो दावा इतिहासातला आहे. तो साक्षी, तारखा, पत्रं आणि कबरीच्या भाषेत तपासावा लागतो, इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये नाही.

आणि निसर्गाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं की उलटतपासणी टळत नाही. मे १८६० मध्ये डार्विन यांनी आसा ग्रे या आपल्या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं होतं की दयाळू देवानं मुद्दाम अशी गांधीलमाशी घडवली असेल हे पटत नाही, जिची पिल्लं जिवंत अळीला आतून खात वाढतात. कार्बन-१२ ची पातळी देवाच्या खाती जमा करणाऱ्याला ही माशीही त्याच खात्यात मांडावी लागते. तिच्याबद्दल प्रश्न आला तर व्हिडिओपेक्षा बायबलमधलंच ईयोबाचं पुस्तक उघडलेलं बरं, ३८ आणि ३९ वा अध्याय. तिथं देव स्वतःच सृष्टी दाखवायला घेतो: तारे, हिमाची कोठारं, अंडी जमिनीवर टाकून जाणारं शहामृग, आणि शेवटी रक्त पिणारी गरुडाची पिल्लं. त्यांचं समर्थन तो करत नाही.