ताम्हिणीत मुका झालेला रेडिओ

पौड सोडलं तेव्हा पाऊस रिमझिम होता, मुळशीच्या पुढे मात्र वायपर कमी पडायला लागले. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, तिथून म्हसळा, श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वरला, असा बेत होता. दोन गाड्या, दोन हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं वायरलेस रेडिओवर बोलणारे. पुढच्या गाडीत मित्र, मागच्यात आम्ही. गाडी बायको चालवत होती आणि रेडिओ माझ्याकडे होता. घाटात मोबाईलला रेंज नसते, म्हणून १४५ मेगाहर्ट्झवर थेट बोलत जायचं ठरलं होतं.

एका वळणापलीकडून त्याचा आवाज आला, "झाडाची फांदी आडवी पडलीय, डावीकडून काढ." मला स्पष्ट ऐकू आलं. उत्तर द्यायला मी माइकचं बटण दाबलं, तर पडद्यावरचा उजेड मंदावला, विझला, आणि बटण सोडल्यावर रेडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला. तीन वेळा हेच झालं. पॉवर ५० वॅटवरून ५ वॅटवर आणली तेव्हा रेडिओ टिकला, पण मधल्या डोंगरामुळे आवाज पोचेना. तिकडे मित्र हाका मारतोय आणि इकडे मी गप्प. शेवटी तो पुढे गाडी लावून आमची वाट बघत थांबला होता.

ऐकताना सगळं ठीक आणि बोलताना बंद, असं झालं की संशय आधी रेडिओवर जातो. तो तिथून काढून वायरवर आणा. ५० वॅटचा सेट ऐकताना अर्धा-एक अँपिअर घेतो आणि बोलताना दहा-बारा. वाटेत कुठे सांधा सैल असेल, कार्बन धरला असेल, तर अर्ध्या अँपिअरला त्याचा पत्ताही लागत नाही. अकरा अँपिअरला तिथेच दोन-तीन व्होल्ट खर्च होतात. असे बहुतेक सेट १३.८ व्होल्टला, फार तर १५ टक्के कमी-जास्त, असे बनवलेले असतात. म्हणजे ११.७ च्या खाली गेलात की भरवसा नाही.

माणगावला चहासाठी थांबलो. रेंज आल्याबरोबर आमच्यातल्या एका ज्येष्ठ हॅमना फोन लावला, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. "काका, व्होल्टमीटर लावलाय, रेडिओपाशी १३.९ दाखवतोय. व्होल्टेज तर बरोबर आहे." ते म्हणाले, "बटण दाबून मोज. वजन उचलायला लावल्याशिवाय हमालाची ताकद कळते का?"

बटण दाबून मोजलं. रेडिओ बंद पडायच्या आधी चार-पाच सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. इंजिन चालू, बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८, रेडिओपाशी १०.४. मधल्या मध्ये ३.४ व्होल्ट गायब! (अँटेना जोडलेली नसताना बटण दाबू नका, आणि मोकळी फ्रिक्वेन्सी बघून आपला कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळालेलं ओळखनाव) सांगूनच चाचणी घ्या.)

यापुढची रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी रेडिओच्या प्लसला लावा, मग बटण दाबा. मीटर जे दाखवेल ते त्या एका वायरीनं खाल्लेलं व्होल्टेज. मला २.१ मिळालं. मायनसकडे तसंच केलं, १.३. बेरीज जुळली, म्हणजे दोन्हीकडे दोष होता. मायनसची बाजू आपण तपासतच नाही, पण करंट तिथूनही तेवढाच जातो.

प्लसच्या वायरीवर तुकड्यातुकड्यानं पुढे सरकलो. बॅटरीजवळच्या काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्येच १.४ व्होल्ट सापडले. होल्डर हाताला चटका देत होता. अकरा अँपिअर गुणिले १.४ म्हणजे १५ वॅट, बारीक सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. उघडला तर आतल्या स्प्रिंगवर हिरवा कळंक चढलेला. मागची दोन वर्षं ही गाडी कोकणातल्या खाऱ्या हवेत फिरली आहे. मायनस मी सीटच्या बोल्टखाली दाबली होती आणि त्या बोल्टखालचा रंग खरवडला नव्हता. वायरिंग मीच केलं होतं, चूकही माझीच.

जवळच्या ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात पाऊण तास गेला. जुनी अडीच स्क्वेअर एमएमची वायर काढून दोन्ही बाजूंना सहाची टाकली. जाता-येता दहा मीटर वायरीत अकरा अँपिअरला अडीचची सुमारे ०.८ व्होल्ट खाते, सहाची ०.४ च्या आत. वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. फ्यूज पात्याचा, १५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज रेडिओसाठी नुसता नसतो, वाटेत वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणूनही असतो. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू न देणारी कडी, हवीच. मायनस बॅटरीजवळच्या बॉडी अर्थच्या, म्हणजे बॅटरीची मायनस गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते त्या, बोल्टला नेली: पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे थेट टर्मिनलला जोडू नका, बॉडी अर्थच घ्या.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून ५० वॅटचा सेट चालवू नका. हातातल्या ५ वॅटच्या सेटचा चार्जर लावायला ते ठीक आहे.

पुन्हा मोजलं, बटण दाबून: रेडिओपाशी १३.३. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी आधी माझ्या आवाजात मिसळायची, तीही मित्राला ऐकू येईनाशी झाली. ती राहिली असती तर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे, बघावं लागलं असतं.

म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता सुंदर होता, त्यावर लिहायला बसलो तर हा मजकूर दुप्पट होईल. हरिहरेश्वरला रात्री इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकत बसलो तेव्हा एक लक्षात ठेवलं: बंद इंजिनावर बॅटरी साडेबाराच्या आसपास असते, तिथे बोलताना पॉवर कमीच ठेवावी.

परतताना घाटात पाऊस तसाच होता. त्याच वळणाच्या अलीकडे मित्राचा आवाज आला, "पुढे दरडीचे दगड आलेत रस्त्यावर, हळू या." मी ५० वॅटवर बटण दाबलं. पडदा उजळलेलाच राहिला. "ऐकलं. सावकाश येतोय."