परवचा, गावसकर आणि फणस

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोननं हटकलं, 'आज तुमचं फ्रेंच राहिलं.' राहिलंच होतं. परवाही राहिलं होतं. फ्रेंच का शिकायला घेतलं म्हणाल, तर एखादी भाषा येत असलेली बरी. याच 'बरी'च्या भरवशावर घरात एक बासरी आणि बुद्धिबळाची तीन पुस्तकं धूळ खात पडली आहेत. एकवीस दिवस नेटानं केलं की सवय लागते म्हणे. मला फोनचा आवाज बंद करायची तेवढी लागली.

लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा असायचा. पाढे संपले की पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी, आणि ज्यांच्या आजोबांना दयामाया नसे त्यांना औटकी. कशाला, असं विचारलं की एकच उत्तर, मोठेपणी उपयोगी पडतं. मोठेपण तेव्हा इतकं लांब होतं की त्याच्यासाठी आजच 'औट सत्ते साडेचोवीस' कोण घोकणार? सगळं वाहून गेलं.

भागाकार मात्र राहिला, तो गावसकरमुळे. सरासरी काढताना धावांना सगळ्या डावांनी भागायचं नसतं, नाबाद डाव आधी वजा करायचे, हे ज्ञान वाडीतल्या एका मोठ्या मुलानं ओट्यावर दिलं. मग कसोटी संपली की वहीच्या मागच्या पानावर आमचा कारभार सुरू. तो निवृत्त झाला तेव्हा 10122 धावा, 214 डाव, त्यांत 16 नाबाद. म्हणजे भागायचं 198 ने. 51.12 आले तरी मी थांबेना, पुढचे दशांश काढतच बसलो. गणिताच्या तासाला मात्र पहिल्या दशांशालाच जांभई यायची.

मोडीचंही तसंच झालं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापासून गावोगावच्या वर्गांपर्यंत माणसं मोडी शिकतात ती इतिहासाच्या ओढीनं. माझा हेतू एवढा उदात्त नव्हता. गावी गडग्याला लागून एक कापा फणस आहे. तो आमचा की चुलत्यांचा, यावरून दोन पिढ्या धड बोलणं नाही. आणि वाटणीपत्र शके 1853 चं, मोडीतलं.

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, होता होईतो हात न उचलता. शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. वर्गातली मंडळी पेशवेकालीन वळणं कौतुकानं गिरवत. मी आपला आंग्लकालीन कारकुनाच्या घाईतला 'फ' हुडकत होतो. फ, ण, स, ही तीन अक्षरं ऑफिसातल्या मीटिंगांत इतकी घोटली, की साहेबांना मी टिपणं काढतोय असं वाटून बढतीचा विषय निघाला. (पुढे काही झालं नाही.)

'लिहून देणार', 'लिहून घेणार' पार केले. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप' आलं. यात तरु होते, पण घाऊक. आमचा फणस भेटला तो त्याच्याही पुढे, चतुःसीमेत: 'पूर्वेस फणस'. एवढंच. फणस आमच्या हद्दीत नव्हता, त्यांच्याही नव्हता. हद्द म्हणजेच फणस.

चुलतभावाला लगेच फोन केला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोडीच ती. वाचणाऱ्याच्या मनात असतं तेच दिसायचं." मग जरा थांबून, "त्या कागदांत विहिरीचं काय आहे का रे?"

आहे. विहिरीचा कागद वेगळा आहे, आणि अक्षर महाभयंकर आहे. काल रात्रीपासून त्यालाच लागलोय.