ब्लॅक लाइटखाली १९३२चा अ‍ॅक्सल

ते गृहस्थ पंचाहत्तरीचे असतील. अ‍ॅक्सल त्यांनी जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणला होता, सोबत विशीतली नात. १९३२च्या फोर्ड रोडस्टरचा फ्रंट अ‍ॅक्सल, आय-सेक्शनचा, म्हणजे इंग्रजी I सारख्या छेदाचा, फोर्ज केलेला (तापवून, ठोकून घडवलेला). त्यांच्या वडिलांनी बांधलेली हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, दोघं मिळून पुन्हा उभी करत होते. "फक्त तपासून द्या," एवढंच म्हणाले.

मी पुण्यात नऊ वर्षं ट्रकचे अ‍ॅक्सल बीम तपासले. तिथे नवा बीम हातात यायचा, त्याची सगळी कुंडली कागदावर असायची. इथे लॉस एंजेलिसजवळ येतात ते ऐंशी-नव्वद वर्षांचे, आणि मधल्या काळात कोणी काय केलंय ते लोखंडालाच विचारावं लागतं.

हा 'ड्रॉप' केलेला होता. गाडीचं नाक खाली यावं म्हणून अ‍ॅक्सलची टोकं तापवून, ओढून वर घेतात. मग मधला बीम आणि त्याच्यावरची आडवी पाटा-स्प्रिंग खाली उतरते. सॅन दिएगोच्या एड स्ट्युअर्टचं या कामात एवढं नाव झालं की लोक त्याला 'अ‍ॅक्सल'च म्हणू लागले. हा कोणी ओढला, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ओढलं की वळणापाशी सेक्शन बारीक होतो, म्हणून माझी नजर आधी तिथेच जाते.

रंग केमिकलने काढला. सँडब्लास्ट करून आणू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. वाळूच्या माऱ्याने क्रॅकचं तोंड मिटू शकतं आणि तपासणी फसू शकते. रंगाखाली डाव्या किंगपिनच्या बॉसजवळ, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती बसते त्या जाड टोकाजवळ, वेल्डिंग निघालं, घासून गुळगुळीत केलेलं. माझ्या पोटात तिथेच गोळा आला.

अ‍ॅक्सल कॉइलमध्ये मॅग्नेटाइज केला, फ्लोरोसंट लोहपावडरचं पाणी ओतलं, दिवे घालवले आणि ब्लॅक लाइट, म्हणजे अतिनील दिवा, लावला. क्रॅक असेल तिथे पावडर जमते आणि या दिव्याखाली चमकते. वेल्डच्या कडेने पिवळट हिरवी रेघ उमटली, नखाने ओढल्यासारखी, सव्वा इंच लांब. पुसून पुन्हा केलं. तिथेच, तेवढीच. हलकं ग्राइंड करून पाहिलं, तरी रेघ आत जातच होती.

"वेल्ड करून चालणार नाही का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणताना जीभ जड झाली, पण म्हणालो. किंगपिनचा बॉस तुटला तर चाक आडवं पडतं, दुसरा आधारच नसतो. फोर्डचं ते लोखंड आजही उत्तम आहे. घात केला त्या जुन्या वेल्डने. मी टॅगवर 'रिजेक्ट' लिहिलं. त्यांनी बीमवरून एकदा हात फिरवला आणि ब्लँकेटची टोकं नीट आत खोचून तो परत नेला.

तीन आठवड्यांनी नात एकटीच आली. स्वॅप मीटमधून, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून, आणलेला दुसरा १९३२चा अ‍ॅक्सल, अजून न ओढलेला. किंगपिनची भोकं मापली, झीज बेताची होती. मग ब्लॅक लाइट तिच्याच हातात दिला. या बॉसपासून त्या बॉसपर्यंत तिने तो तीनदा फिरवला. कुठेच काही उजळलं नाही.

"आता ड्रॉप करून घेऊ," ती म्हणाली, "आणि झाला की परत तुमच्याकडेच आणते."