संकष्टीच्या सकाळी जुहूला

आमच्याकडे हल्ली रविवारी कुठे जायचं हे कालनिर्णय बघून ठरतं. म्हणजे सण-वार बघून नाही, तिथी बघून. कारण दोन लहान मुलांना घेऊन समुद्रावर जायचं असेल तर ओहोटीला जायचं, हे आम्हाला दीड वर्षापूर्वी चांगलंच कळलं आणि तेव्हापासून मी ते ज्याला त्याला सांगत सुटले आहे, तर आज इथे पण लिहून टाकते.

दीड वर्षापूर्वी काय झालं होतं, तर मोठी साडेतीन वर्षांची आणि धाकटा सहा महिन्यांचा, घरात सगळेच कंटाळलेले, म्हणून एका रविवारी आवरत आवरत अकराला पार्ल्याहून रिक्षा केली आणि जुहूला पोचलो तर वाळूच नाही! म्हणजे होती, पण एक चिंचोळी पट्टी, ती पण आदल्या रात्रीच्या कचऱ्याने भरलेली, आणि लाटा पार वरपर्यंत. मोठीची एक चप्पल गेली पाण्यात, ती रडायला लागली, तिला बघून धाकटा रडायला लागला, ऊन रणरणतंय, वीस मिनिटांत परत रिक्षात. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मुंबईत राहून मुलांना साधा समुद्र दाखवता येऊ नये?

दोन दिवसांनी आमच्या कोळीण मावशी आल्या मासे घेऊन, त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगो परवा पुनव होती ना, पुनवेला अकरा-बाराला भरतीच असनार. तिथीला तीनानं गुनायचं नि चारानं भागायचं, भरतीची येळ येते. मग सहा तासांनी ओटी." मी त्यांच्यासमोरच केलं. पौर्णिमा म्हणजे १५, त्याला तीन म्हणजे ४५, भागिले चार, सव्वाअकरा. आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते!

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या की आमच्याकडे पण असंच करायचे, तिथीची पाऊणपट. त्यांचं माहेर देवगडकडचं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप आत पण जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड वरही येत नाही आणि धड आतही जात नाही. हे सगळं त्यांना माहिती होतं आणि मी आठ वर्षं त्याच घरात राहून कधी विचारलंच नव्हतं. हिशोब अगदी मिनिटावर बरोबर नसतो, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, नक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं. पण पंधरा दिवस आधी भिंतीकडे बघून "हा रविवार चालेल, हा नाही" एवढं ठरवायला पाऊणपट पुरते.

तर गेल्या रविवारी संकष्टी होती. चतुर्थी, चार गुणिले तीन बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला भरती म्हणजे सकाळी पावणेनऊ-नऊला ओहोटी. लहान मुलं असलेल्या घराला याहून चांगली वेळ नाही, कारण ऊन चढलेलं नसतं, धाकटा साडेअकराला झोपतो तोपर्यंत घरी परत येता येतं. थंडीमुळे मोठीला उठवायला जरा त्रास झाला पण "खेकडे" म्हंटलं की ती उठते.

सामान आता पाठ झालंय. जुनी चादर, प्रत्येकी एक जादा कपड्यांचा जोड, धाकट्याचे दोन, पाय धुवायला दोन लिटरची पाण्याची बाटली, डबा, आणि पावडरचा डबा. पावडर ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, खरंच सांगते. पाय कोरडे झाले की त्यावर पावडर टाकून हाताने झटकलं की वाळू सुटून येते, नाहीतर ती रिक्षात, गादीत, आठवडाभर सगळीकडे. धाकट्याचं लंगोट-डायपरचं मात्र घरूनच आवरून निघतो, कारण किनाऱ्यावर लहान मुलाला बदलायला स्वच्छ अशी जागा नाही. एकदा मी एका ठिकाणी आडोसा मागितला होता तर चक्क नाही म्हणाले. एवढं मोठं शहर, एवढी मुलं समुद्रावर येतात, आणि एक बाकडं नि एक नळ असलेली खोली कोणाला सुचू नये याचा मला राग येतो.

पावणेआठला पोचलो. गर्दी म्हणजे चालणारे आजोबा लोक, क्रिकेटवाली मुलं आणि कुत्री. पाणी एवढं आत गेलेलं की धाकटा ते बघून "पाणी गेलं" म्हणाला आणि हात हलवून टाटा केलं. आई चादरीवर बसल्या, उपास होता त्यांचा, डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. आणि मोठी एकदम ओरडली, "आई, चंद्र!"

मला वाटलं काहीतरी दुसरंच दाखवतेय. पण खरंच, समुद्राच्या वर वीतभर अंतरावर चंद्र होता. पांढुरका, ढगाच्या तुकड्यासारखा, एका कडेने जरासा झिजलेला. सूर्य आमच्या पाठीमागे बिल्डिंगींच्या वर आलेला आणि चंद्र समोर. मी एवढ्या वेळा सकाळी तिथे गेलेय, मला कधी दिसला नव्हता, किंवा मी वर बघितलंच नसेल, माझं सगळं लक्ष खाली मुलांच्या पायाकडे असतं. मोठीने आजीला विचारलं, "सकाळी कसा काय चंद्र?" आई म्हणाल्या, "रात्री उशिरा आला ना, म्हणून उशिरा जातोय."

मग आमचं नेहमीचं सुरू झालं. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी असते ती तुम्ही बघितली असेल. एक छोटं भोक आणि त्याच्या भोवती किरणांसारख्या पसरलेल्या मोहरी-साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या. ते खेकडे करतात, नखाएवढे, वाळूच्याच रंगाचे. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. आपण चाललो की दहा पावलांवरचे सगळे एकदम बिळात. पण खाली बसलं आणि अजिबात हललं नाही तर दोन-तीन मिनिटांनी एकेक बाहेर येतो. माझी पाच वर्षांची मुलगी, जी जेवताना तीन मिनिटं एका जागी बसत नाही, ती तिथे उकिडवी बसून राहते, श्वास पण हळू घेते. रविवारी एक खेकडा तिच्या पायाच्या अंगठ्यापासून टिचभर अंतरावर आला. दोन्ही नांग्या आळीपाळीने तोंडाकडे, अगदी भरभर, जशी आजी दोन्ही हातांनी शेंगा सोलते तशी, आणि मग तोंडापाशी गोळी तयार होत होत मोठी झाली आणि त्याने ती उचलून बाजूला ठेवली. मोठी कुजबुजली, "साबुदाणा करतोय." तेवढ्यात धाकटा पळत आला आणि संपलं. भांडण झालं मग, पण ते जाऊ दे.

पुढे पाण्याच्या बाजूला एक गोल, चपटी, कॉलरसारखी वस्तू पडलेली होती, मातकट रंगाची. नवरा तिला कचरा समजून उचलणार होता, मी थांबवलं. ती एका गोगलगायीची अंडी असतात, वाळू आणि चिकट स्राव मिळून केलेली कॉलर, तिच्यात अंडी. हे मला पण माहीत नव्हतं, मरीन लाइफ ऑफ मुंबई म्हणून जो गट आहे ना, २०१७ पासून किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवून दाखवतात, त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो तेव्हा कळलं. जमलं तर एकदा नक्की जा, त्यानंतर किनारा वेगळाच दिसायला लागतो. हीच गोगलगाय शिंपल्यांना भोक पाडून आतला जीव खाते. तुम्हाला गोल भोक असलेले शिंपले मिळत असतील, जणू माळ ओवायला ड्रिलने पाडल्यासारखं भोक, ते तिचं काम. आमच्याकडे नियम असा आहे की शिंपले दोन आणले तर चालतील पण शंख एकही नाही, रिकामा असला तरी नाही, कारण हर्मिट क्रॅब म्हणजे शंखात राहणाऱ्या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याला लपायला दुसऱ्याचा शंख लागतो आणि तो वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. मोठी हा नियम आता दुसऱ्यांच्या मुलांना पण सांगते, जरा जोरात सांगते, मग मला त्यांच्या आईबाबांकडे बघून हसावं लागतं.

कचरा आहे, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, चपला, औषधाच्या बाटल्या. जिथे नाला समुद्राला मिळतो त्या बाजूला आम्ही जातच नाही आणि मुलांना तोंडात हात घालू देत नाही. शेजारी वर्सोव्याला अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सफाई सुरू केली, आठवड्यामागून आठवडे लोक येत गेले आणि तो किनारा बदलला, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आम्ही रोज जाऊ शकत नाही, पण एक पिशवी घेऊन जातो आणि निघताना भरून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. धाकट्याला हे काम फार आवडतं, तो कुठलीही गोष्ट उचलतो म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं एवढंच. आणि पावसाळ्यात तर आम्ही खाली उतरतच नाही. एक तर उधाणाच्या लाटा, दुसरं म्हणजे वाऱ्याबरोबर ते निळे फुगे किनाऱ्यावर येतात, ब्लू बॉटल. दिसायला सुंदर, निळ्या दोऱ्याचे, मुलांना हात लावावासाच वाटतो, पण मेलेला असला तरी त्याचा दोरा चावतो आणि खूप आग होते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

साडेनऊच्या सुमाराला पाणी फिरलं. ते कळतं बरं का, कोरड्या झालेल्या वाळूत परत पाझर फुटायला लागतात. पाणी फिरलं की आपण पण फिरायचं हा आमचा दुसरा नियम. परत चादरीकडे येताना मोठीने समुद्राकडे बघितलं तर चंद्र नव्हता. "पाण्यात गेला," म्हणाली. नवऱ्याने तिला सांगायला सुरुवात केली की चंद्रच समुद्राचं पाणी ओढतो, म्हणून भरती येते. तिला ते पटलं नाही. एवढ्या लांबून? दोरी कुठेय?

मग पावडर, कपडे, खिचडी, आम्ही तिघांनी स्टेशनजवळ इडली खाल्ली, आईंनी उपासाचा चहा घेतला, साडेअकराला धाकटा रिक्षातच झोपला.

संध्याकाळी आईंनी मोदक केले. चंद्रोदय नऊच्या सुमाराला होता, कालनिर्णयात प्रत्येक संकष्टीला वेळ दिलेली असते. आमच्या खिडकीतून पूर्वेकडचं आकाश थोडंसंच दिसतं, समोरच्या दोन बिल्डिंगींच्या मधली फट, म्हणून आई दर संकष्टीला गच्चीवर जातात. रविवारी मोठी पण गेली, झोपायची वेळ टळून गेली होती तरी मी नाही म्हंटलं नाही. आणि मी वर जाता जाता मनात हिशोब करत होते, दुपारी तीनला भरती, म्हणजे परत ओहोटी सव्वानऊला. सकाळी चंद्र मावळायला आला तेव्हा ओहोटी होती आणि आता तो उगवतोय तर आताही जुहूला पाणी आत गेलेलं असणार. म्हणजे दर संकष्टीला आई इथे गच्चीवर उभ्या असतात तेव्हा तिकडे ओहोटीच असते! तिथी एकच असल्यावर वेळा त्याच येणार, साधी गोष्ट आहे, पण मी जिन्यातच थांबले.

वर पोचले तर चंद्र आलेला होता, सकाळचा पांढुरका नाही, चांगला पिवळा, टाकीच्या वर. आईंनी अर्घ्य दिलं. मोठी त्यांच्या पदराला धरून उभी होती आणि तिने विचारलं, "आजी, हा सकाळचाच ना?"

"हो गं, तोच."

"मग तो पाण्यात ओला नाही झाला?"

आई हसल्या आणि म्हणाल्या, "वाळला असेल दिवसभरात." मग तिला मोदक दिला आधी आणि मग स्वतः उपास सोडला.

येत्या रविवारी एकादशी आहे. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठला भरती, ओहोटी भर दुपारी दोन-अडीचला. म्हणजे नाही. त्याच्या पुढच्या रविवारी शुद्ध तृतीया, तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. सकाळी आठच्या आसपास पाणी आत असेल. मोठीने त्या चौकोनात लाल खडूने खेकडा काढून ठेवलाय.