ग्रॅनाइट कापायच्या आधीचे आठ दिवस

ओटा बदलायला काढला होता. सिंक बघायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "डिस्पोजर बसवणार असाल तर आत्ताच सांगा. त्याला सिंकचं भोक साडेतीन इंचाचं लागतं. नंतर अडकाल." डिस्पोजर म्हणजे सिंकखाली बसवायचं, खरकटं किसून पाण्याबरोबर सोडून देणारं यंत्र. ग्रॅनाइटवाला पुढच्या शनिवारी येणार होता. म्हणजे हातात आठ दिवस.

मोह पडायला कारण होतं. आमच्याकडे ओला कचरा न्यायला ताई येतात आठच्या सुमारास. मी सातला बाहेर, नवरा त्याच्याही आधी. बादली दाराबाहेर ठेवावी तर मांजर ती लवंडवते, घरात ठेवावी तर मे महिन्यात आंब्याच्या सालांवर संध्याकाळपर्यंत चिलटांची जत्रा. खरकटं सिंकमध्ये लोटलं, बटण दाबलं, गेलं! कुणाला नको आहे?

शिवाय हे यंत्र मी वापरलेलं होतं. माझी बहीण, ताई, न्यू जर्सीला असते, तिच्याकडे महिनाभर राहिले होते. अमेरिकेत हे प्रकरण जुनंच. रसीन नावाच्या गावातल्या जॉन हॅम्स या वास्तुविशारदाने १९२७ साली ते शोधलं. गंमत म्हणजे न्यूयॉर्क शहरात मात्र बहुतेक भागात १९९७ पर्यंत त्याला बंदी होती, जुन्या गटारांच्या भीतीने. ताईकडे बारा माणसांचे बटाटेवडे केले आणि सगळी सालं मी एकदमच आत ढकलली. दोन मिनिटांत सिंकमध्ये करडं पाणी वर आलं. बटाट्याच्या सालांची खळ होऊन खालच्या वाकड्या पाइपात बसली होती. भावोजी रात्री अकरा वाजता बादली घेऊन ओट्याखाली आडवे. मला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हाच कळलं की त्याच्यात मिक्सरसारखी पाती नसतात. तळाशी एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावरचे दोन लोखंडी ठोकळे कचरा बाहेर फेकतात आणि भोवतीच्या दातेरी कड्यावर तो किसला जातो. किसलं जाईल ते पाण्याबरोबर वाहून जातं. धागे किसले जात नाहीत, ते गुंडाळले जातात.

मग मी बुधवारपर्यंत रोज भाजीच्या काट्यावर ओला कचरा तोलला. चौघांचा रोज साधारण आठशे ग्रॅम. आकड्यापेक्षा त्यात काय होतं, ते महत्त्वाचं. मेथीच्या काड्या, मक्याच्या कणसाची सालं नि केस, चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, नारळाची शेंडी, कांद्याची सालं, हापूसच्या कोयी. यातलं काहीही त्या यंत्राला चालणारं नव्हतं. उरला भात, तो पाण्यात फुगतो. आणि भिजलेला साबुदाणा, त्याबद्दल काय बोलावं! चहाचा चोथा, पपईची सालं, पोळीचे तुकडे एवढंच बिनबोभाट गेलं असतं. म्हणजे यंत्र घेऊनही बादली राहणारच होती. सासूबाई यादी वाचून म्हणाल्या, "मग ते खाणार तरी काय गं?"

तरी मन मानेना. किंमत वीस हजारांच्या घरात होती, ती नव्या ओट्याच्या खर्चात खपली असती. नवरा पूर्ण त्या बाजूचा. म्हणून गुरुवारी सोसायटीच्या प्लंबरला बोलावलं. त्यांनी सिंककडे बघितलंही नाही. म्हणाले, "खाली चला."

आमची बिल्डिंग तीस वर्षांची. संडासाची लाइन वेगळी, मोरी-सिंकची वेगळी. ही दुसरी लाइन खाली उतरून आधी गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या जमिनीतल्या छोट्या हौदात पडते, मग चेंबरमध्ये. ताईच्या घरात असा टप्पाच नाही, सगळं एकाच पाइपात जातं. प्लंबरदादांनी पहारीने झाकण उचकटलं. आत पांढरट थर, थंडीत गोठलेल्या डालड्यासारखा, आणि त्यात रुतलेली शितं नि मोहरी. "दोन महिन्यांपूर्वी साफ केलंय मी हे," ते म्हणाले. "आता तुमचा चौथ्या मजल्यावरचा चोथा इथे आला की तुंबेल, आणि पाणी पहिल्यांदा कुणाच्या मोरीत उलटेल?"

समोरच तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी होती. काकू खिडकीतूनच आमच्याकडे बघत होत्या.

तिथेच माझा निर्णय झाला. एसटीपी, म्हणजे स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र असलेल्या किंवा एका लाइनच्या नव्या इमारतीत आमचं घर असतं, तर तिथल्या देखभालवाल्याला विचारून कदाचित घेतलंही असतं. पण आमच्याकडे सोय आमची नि तुंबणं काकूंचं, हे पटेना. नवऱ्याला पटायला अजून एक दिवस लागला, तोही त्याने एकदा ते झाकण उघडून बघितल्यावर.

शनिवारी नेहमीचंच सिंक बसलं, फक्त खोल वाटीची जाळी मागून घेतली. बादलीला घट्ट झाकण आणलं, आठशे ग्रॅमांपैकी पाणी निथळून गेलं की चिलटंही निम्मी झाली. समोरच्या वहिनींनी सकाळी बादली आत-बाहेर करायचं कबूल केलंय, बदल्यात त्यांच्या कुंड्यांना सुट्टीत पाणी मी घालते.

इलेक्ट्रिशियनला मात्र यंत्राचं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याने सिंकखाली विजेचा पॉइंट काढून ठेवला. त्या पॉइंटच्या बरोबर खाली, यंत्रासाठी मोजून सोडलेल्या जागेत, आता ओल्या कचऱ्याची बादली बसते. अगदी मापात.